चित्र वर, हेक्स खाली

फ्लोचार्ट बरोबर होता. सुरुवातीची लंबगोल चौकट, मग न संपणारा लूप. त्यात पोर्ट बीची एक पिन चालू, एक सेकंद थांब, पिन बंद, पुन्हा थांब. पडद्यावरच्या सिम्युलेशनमध्ये एलईडी छान लुकलुकत होता. तोच प्रोग्रॅम पिक १६एफ८७७ए या चाळीस पायांच्या चिपमध्ये टाकला आणि ब्रेडबोर्डवरचा एलईडी ढिम्म. क्रिस्टल बदलला, चिप बदलली, एलईडी उलटा तर लागला नाही ना तेही पाहून झालं. मायक्रोकंट्रोलरच्या प्रयोगशाळेत असा प्रसंग एकदाही न पाहिलेले सर विरळाच.

उत्तर डेटाशीटमध्ये असतं. या चिपची ३६ नंबरची पिन म्हणजे आरबी३. तिचं दुसरं नाव पीजीएम. कॉन्फिगरेशनच्या शब्दात ‘एलव्हीपी’ नावाचा एक बिट असतो. तो कमी व्होल्टेजवर चिप बर्न करण्याची, म्हणजे तिच्यात प्रोग्रॅम भरण्याची, सोय देतो आणि कोऱ्या चिपमध्ये चालूच असतो. तो चालू राहिला की आरबी३ साधी आउटपुट पिन म्हणून वापरताच येत नाही. एलईडी नेमका तिथे लावलेला. फ्लोचार्टच्या एकाही चौकटीत हा बिट नव्हता, कारण तो प्रोग्रॅमचा भागच नव्हे. तो चिपच्या स्वभावाचा भाग आहे.

चित्र काढून प्रोग्रॅम करण्याच्या सॉफ्टवेअरची जाहिरात वर्षानुवर्षं एकाच सुरात होत आली आहे: आता कोड लिहायला नको. पण या धंद्याचा इतिहास उलगडला की दिसतं ते वेगळंच. चित्र कधी एकटं संसार करू शकलेलं नाही. त्याच्या शेजारी कायम बर्नर होता, डीबगर होता, मल्टिमीटर होता आणि चित्राखाली वाकून पाहणारा एक माणूस होता. ज्या सॉफ्टवेअरनं या शेजाऱ्यांना दार उघडं ठेवलं ते टिकलं. ज्यानं दार लावून घेतलं, त्याच्या मागच्या खिडकीतून लोक आत शिरले.

फ्लोचार्ट स्वतः मायक्रोकंट्रोलरपेक्षा खूप जुना. १९४७ साली हर्मन गोल्डस्टाइन आणि जॉन फॉन नॉयमन यांनी आपल्या अहवालात गणिताचा प्रश्न यंत्राला समजावण्याआधी त्याचं प्रवाहचित्र काढायची पद्धत मांडली. पण ते चित्र कागदावरचं. त्यावरून कोड माणसानंच लिहायचा. चित्र हाच प्रोग्रॅम, ही उडी घेतली ती बर्ट सदरलँड यांनी, १९६६ साली, एमआयटीच्या आपल्या प्रबंधात. त्यांचे धाकटे भाऊ आयव्हन यांनी तीन वर्षं आधी ‘स्केचपॅड’ करून पडद्यावर चित्र काढता येतं हे दाखवलं होतं. थोरल्यानं त्याच टीएक्स-२ कॉम्प्युटरवर चित्र चालवून दाखवलं. एका घरात दोन असे भाऊ म्हणजे नशीबच म्हणायचं.

कारखान्यात मात्र हे काम प्रबंधातून आलं नाही, ते वायरमनच्या हातातून आलं. साठच्या दशकात अमेरिकेतल्या मोटार कारखान्यांत यंत्रांचं नियंत्रण रिलेंनी भरलेल्या कपाटांकडे असे. नवं मॉडेल आलं की कपाटं मोडून पुन्हा वायरिंग. १९६८ साली जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागानं या त्रासावर उपाय मागितला, आणि मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्ड असोसिएट्स या छोट्या कंपनीतल्या डिक मॉर्ली आणि मंडळींनी मॉडिकॉन ०८४ हे यंत्र दिलं. कंपनीचं हे चौऱ्याऐंशीवं काम, म्हणून ०८४. आज ज्याला सगळे पीएलसी म्हणतात त्या घराण्याचा हा मूळ पुरुष.

त्यांची खरी अक्कल दिसली ती भाषा निवडताना. कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला प्रोग्रॅमिंग शिकवत बसण्याऐवजी त्याला येत होती तीच रिलेची शिडी त्यांनी प्रोग्रॅम म्हणून मान्य केली. दोन उभ्या रेघा म्हणजे वीजपुरवठा, आडव्या पायऱ्यांवर कॉन्टॅक्ट, शेवटी कॉइल. भोसरी, चाकण किंवा वाळूजच्या एमआयडीसीत आयटीआय झालेला मेंटेनन्सवाला आजही लॅडर वाचतो तो याच पुण्याईवर. कुठली पायरी ‘लागली’ हे त्याला पडद्यावर दिसतं. कॉन्टॅक्ट मिटला की तो उजळतो, आणि जिथे उजेड थांबतो तिथे बिघाड शोधायचा. चित्र आणि डीबगर इथे एकच वस्तू झाले, आणि मागे राहिलेल्या सगळ्यांना ते जमवायला बराच काळ लागला. १९९३ साली आयईसी ६११३१-३ हे प्रमाण आलं तेव्हा त्यात पाच भाषा घेतल्या गेल्या. त्यातल्या लॅडर, फंक्शन ब्लॉक आणि सिक्वेन्शियल चार्ट या तीन चित्रांच्या.

मायक्रोकंट्रोलरचं जग मात्र सुरुवातीपासून निराळ्याच रस्त्यानं चाललं होतं. तिथे चित्र नव्हतं, आकडे होते. इंटेलनं १९७३ च्या सुमारास आपल्या इंटेलेक डेव्हलपमेंट यंत्रांसाठी कागदी पट्टीवर प्रोग्रॅम साठवायची एक साधी मांडणी ठरवली. प्रत्येक ओळ कोलननं सुरू होते. मग किती बाइट, कुठल्या पत्त्यावर, ओळीचा प्रकार, मग खुद्द माहिती, आणि शेवटी बेरीज जुळते का ते तपासणारा बाइट. प्रोग्रॅम संपला हे सांगणारी ओळ ठरलेली: कोलन, सात शून्यं, एक आणि एफ एफ. तिचा अर्थ सरळ आहे. शून्य बाइट, पत्ता शून्य, प्रकार एक म्हणजे ‘समाप्त’, आणि बेरीज तपासणारा एफ एफ. कागदी पट्टी केव्हाच गेली. ही मांडणी इंटेल हेक्स या नावानं राहिली आणि पुढे चित्रवाले आणि कोडवाले यांची गाठ पडायचा चौक तीच ठरली.

त्या काळात बर्न करणं म्हणजे तपश्चर्या. १९७१ साली इंटेलच्या डोव्ह फ्रोमन यांनी ईप्रॉम आणली. चिपच्या पाठीवर क्वार्ट्झची काचेरी खिडकी, आणि पुसायची तर अतिनील दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवायची. प्रोग्रॅममध्ये एक चूक म्हणजे पुन्हा तेवढाच वेळ. खिडकीवर स्टिकर लावून ठेवायचा, नाहीतर उन्हानं हळूहळू प्रोग्रॅम उडायचा. चालू प्रोग्रॅम मध्येच थांबवून आत डोकवायचं तर इन-सर्किट एम्युलेटर लागे. चिप काढून त्या जागी एम्युलेटरचा पाय बसवायचा, आणि मागे कपाटाएवढं यंत्र. इंटेलनं १९७५ साली आयसीई-८० आणला तो ८०८० प्रोसेसरसाठी. असली यंत्रं श्रीमंत कंपन्यांच्या प्रयोगशाळेत असत. आपल्याकडच्या कॉलेजात पोरं ८०८५ च्या किटवर बोटानं हेक्स कळा दाबत, आणि सात रेघांच्या लाल डिस्प्लेवर उत्तर बघत. एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. त्या पिढीला ‘चित्र काढून प्रोग्रॅम’ असं कोणी सांगितलं असतं तर हसू आलं असतं.

१९८६ साली दोन गोष्टी घडल्या. फ्रेड ब्रुक्स यांनी सॉफ्टवेअरच्या दुखण्यावर रामबाण नाही असं ठणकावताना चित्रांच्या प्रोग्रॅमिंगबद्दलही शंका घेतली. सॉफ्टवेअर मुळात चित्रात मावण्यासारखी वस्तूच नाही, असा त्यांचा मुद्दा. आणि त्याच वर्षी टेक्ससमधल्या ऑस्टिनच्या नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सनं मॅकिंटॉशवर लॅबव्ह्यू बाजारात आणलं. त्याचे कर्ते जेफ कोडोस्की. लॅबव्ह्यूत ओळी नाहीत. ठोकळे आणि त्यांना जोडणाऱ्या तारा आहेत. तारेतून माहिती वाहते आणि ठोकळ्याच्या सगळ्या इनपुटना ती पोचली की ठोकळा चालतो. डीबगिंगसाठी एक बल्ब दाबायचा, की माहितीचे ठिपके तारांवरून सावकाश सरकताना दिसतात. तारेवर प्रोब लावायचा, अगदी ऑसिलोस्कोपसारखा. हे सॉफ्टवेअर मोजमाप करणाऱ्यांनी मोजमाप करणाऱ्यांसाठी केलेलं होतं, म्हणून त्याची उपमा थेट टेबलावरून उचलली गेली. ब्रुक्स चुकले असं मात्र म्हणता येत नाही. मोठा लॅबव्ह्यू प्रोग्रॅम उघडून त्यातल्या तारांचं जाळं पाहिलेल्या कुणालाही त्यांचा मुद्दा पटेल.

लॅबव्ह्यू होतं पीसीसाठी. छोट्या चिपपर्यंत पोचायला त्याला दुसऱ्याचा हात धरावा लागला. २००८ मध्ये एआरएम मायक्रोकंट्रोलरसाठीचं मॉड्यूल आलं त्याची रचना बघण्यासारखी आहे. चित्रातून सी कोड तयार व्हायचा, तो म्युनिकच्या कीलच्या साधनांनी कंपाइल व्हायचा, आणि कीलच्याच यूलिंक अडॅप्टरमधून जेटॅगच्या तारांनी चिपपर्यंत जायचा. कील २००५ पासून एआरएमच्याच घरात होती. जेटॅग तर मुळात डीबगिंगसाठी जन्मलाच नव्हता. १९८५ मध्ये जमलेल्या कंपन्यांच्या गटानं तो सोल्डर केलेल्या बोर्डाची जोडणी तपासण्यासाठी काढला, १९९० मध्ये त्याचं आयईईई प्रमाण झालं, आणि त्याच वाटेनं पुढे डीबगर चिपच्या आत शिरले. एका चित्राखाली इतक्यांची मेहनत.

लेगोची गोष्ट उलटी, आणि जास्त मजेशीर. १९९८ मध्ये माइंडस्टॉर्म्स हा रोबो-संच आला. पिवळ्या विटेत हिताचीचा एच८ मायक्रोकंट्रोलर, आणि पडद्यावर एकावर एक रचायचे रंगीत ठोकळे. दहा-बारा वर्षांच्या पोरांसाठी उत्तम. पण विकत घेणाऱ्यांत मोठी माणसंही होती आणि त्यांना ठोकळे अपुरे वाटले. काही महिन्यांत विटेची आतली बोली लोकांनी उलगडली. डेव्ह बॉम यांनी सीसारखी एनक्यूसी भाषा केली, मार्कस नोगा यांनी तर अख्खी ऑपरेटिंग सिस्टीमच बदलली. कंपनी कोर्टात गेली नाही, आणि पुढे २००६ ला एनएक्सटी ही नवी वीट आणताना तिनं फर्मवेअरचा सोर्सच खुला केला. त्या एनएक्सटीचं चित्रांचं सॉफ्टवेअर नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सनं लॅबव्ह्यूच्या पायावर उभं केलेलं. पोरगं ठोकळे जोडत होतं, पण त्याच्या हाताखाली ऑस्टिनचं इंजिन चालत होतं.

मधल्या काळात चिपा स्वस्त झाल्या. १९९३ मध्ये मायक्रोचिपची पिक १६सी८४ आली आणि अ‍ॅटमेलची फ्लॅशवाली ८९सी५१ आली. दोन्ही विजेनंच पुसता येत. अतिनील दिवा अडगळीत गेला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या गल्ल्यांत ८९सी५१ सहज मिळू लागली, आणि ‘बर्न करून द्या’ हे वाक्य विद्यार्थ्यांच्या तोंडी रुळलं.

याच हवेत फ्लोकोड वाढलं. इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या मॅट्रिक्स या कंपनीनं शिक्षणासाठी केलेलं हे सॉफ्टवेअर आधी पिकसाठी, मग एव्हीआर, अर्डुइनो आणि एआरएमसाठी वाढत गेलं. काढायचा फ्लोचार्ट, आत त्याचं सी होतं, सीचं असेंब्ली, असेंब्लीचं हेक्स. महत्त्वाचं हे, की या पायऱ्या लपवलेल्या नाहीत. तयार झालेलं सी उघडून वाचता येतं. एक चौकट मुद्दाम सी कोड लिहिण्यासाठीच आहे. आणि हेक्स फाइल हातात आली की ती कुणाच्याही बर्नरनं चिपमध्ये टाकता येते. मायक्रोचिपचा लाल पिककिट, जुना सीरियल पोर्टवाला घरगुती प्रोग्रॅमर, काहीही. फ्लोचार्ट फ्लोकोडमध्ये, बर्निंग दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, असा संसार अनेकांनी केला.

अडचण येते ती प्रोग्रॅम चुकल्यावर. मायक्रोचिपचा डीबगर चालू प्रोग्रॅम थांबवतो आणि दाखवतो तयार सी कोडची एक ओळ, किंवा एक असेंब्ली सूचना. फ्लोचार्ट काढणाऱ्यानं तर ती ओळ लिहिलेलीच नसते. आपणच दिलेल्या मजकुराचं कुणी तरी परक्या भाषेत भाषांतर केलं आणि चूक काढायला तेच पुढे ठेवलं, असला प्रकार. त्यात १६एफ८७७ए वर हा डीबगर आरबी६ आणि आरबी७ या दोन पिनांवरून बोलतो. फ्लोचार्टमध्ये त्याच पिनांवर एलईडी जोडलेले असले तर दोघांची भांडणं लागतात, आणि ती कुठल्याच पडद्यावर नीट दिसत नाहीत. मॅट्रिक्सनं नंतर फ्लोकिट नावाचा जोडबोर्ड दिला. बोर्डावर प्रोग्रॅम चालताना फ्लोचार्टची कुठली चौकट चालू आहे हे त्यानं पडद्यावर दिसू लागलं. लॅडरवाल्या वायरमनला जे सुरुवातीपासून मिळालं होतं ते फ्लोचार्टवाल्याला इतक्या उशिरानं.

जाता जाता एक गंमत. आपल्या कॉलेजाकॉलेजांत पोचलेलं प्रोटियस हे सर्किट सिम्युलेटरही हॅलिफॅक्ससारखं यॉर्कशरचंच. जॉन जेमसन यांच्या लॅबसेंटर कंपनीचं. मायक्रोकंट्रोलर शिकवण्यात यॉर्कशरचा हा एवढा हात कसा, याचं कौतुक वाटतं.

महाराष्ट्रातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांची जोडी म्हणजे कील आणि प्रोटियस. एका खिडकीत ८०५१ चं सी किंवा असेंब्ली, कीलच्या फुकट आवृत्तीत दोन किलोबाइटच्या मर्यादेत बसवलेलं. दुसऱ्या खिडकीत सर्किटचं चित्र. चिपच्या चित्रावर डबल-क्लिक करायचं, हेक्स फाइलचा पत्ता द्यायचा, प्लेचं बटण दाबायचं. एलसीडीवर कॉलेजचं नाव सरकू लागलं की सबमिशन झालं. इथे चित्र प्रोग्रॅमचं नाही, सर्किटचं आहे, पण फसवण्याची तऱ्हा तीच. प्रोटियसमध्ये चिपच्या वीजपुरवठ्याच्या पिना लपलेल्या असतात, आणि घड्याळाचा वेग एका चौकटीत आकडा टाकून ठरतो. चित्रात क्रिस्टल काढला नाही तरी प्रोग्रॅम धावतो. मग तेच सर्किट झिरो पीसीबीवर सोल्डर होतं, क्रिस्टलशिवाय, आणि एक्स्टर्नल समोर बसलेले असताना शांत राहतं. वायव्हाला यापेक्षा चांगला प्रश्न मिळत नाही.

अर्डुइनोनंतर चित्रांच्या सॉफ्टवेअरचा पूर आला, आणि त्यात एक फरक नेहमी झाकला गेला. स्क्रॅचवरून बार्सिलोनाजवळच्या सिटिलॅबनं केलेलं एस४ए घ्या. ठोकळे जोडले की अर्डुइनोवरचा दिवा लागतो. यूएसबीची वायर काढा, खेळ खलास. कारण प्रोग्रॅम चिपमध्ये गेलेलाच नसतो. तो लॅपटॉपवर चालतो आणि अर्डुइनो हुकमाचा ताबेदार. मुंबई आयआयटीच्या फॉसी प्रकल्पानं सायलॅबच्या एक्सकॉस या ठोकळ्यांच्या साधनातून अर्डुइनो चालवायची सोय केली ती याच जातीची: अर्डुइनोत एक ठरावीक फर्मवेअर, आणि सीरियल पोर्टवरून हुकूम. नियंत्रणशास्त्र शिकवायला ही रचना फार चांगली आहे, कारण आलेख समोर पडद्यावरच उमटतो. पण यावर पाण्याच्या टाकीचा ऑटोमॅटिक पंप करायला निघालेल्या पोराला लॅपटॉप गच्चीवर न्यावा लागेल.

२०१६ मध्ये बीबीसीनं ब्रिटनमधल्या सातवीच्या मुलांना मायक्रोबिट वाटले, सुमारे दहा लाख. त्यासाठीचं मायक्रोसॉफ्टचं मेककोड ठोकळ्यांचं आहे, पण एका बटणावर तेच ठोकळे जावास्क्रिप्ट होऊन दिसतात, आणि परतही येतात. प्रोग्रॅम खरोखर चिपमध्ये जातो, हेक्स म्हणूनच. बोर्ड पेनड्राइव्हसारखा दिसतो आणि फाइल त्यावर ओढून सोडायची. बोर्ड उलटा करून पाहिला तर मुख्य चिपशिवाय आणखी एक मायक्रोकंट्रोलर दिसतो. तो एआरएमचा डीबग इंटरफेस चालवतो. एके काळी कपाटाएवढं असणारं साधन शाळकरी पोराच्या बोर्डावर नखाएवढं होऊन बसलं आहे. आणि मेककोडच्या हेक्स फाइलच्या पोटात खुद्द ठोकळ्यांची माहितीही भरलेली असते. फाइल परत एडिटरमध्ये टाकली की चित्र जसंच्या तसं उभं राहतं. हेक्स आजवर एकेरी रस्ता होता, चित्रातून चिपकडे जाणारा. इथे तो येण्याजाण्याचा झाला.

व्यवसायात हे सगळं आणखी गुंतागुंतीचं आहे. पुण्यात हिंजवडीतल्या वाहन-इलेक्ट्रॉनिक्सच्या इंजिनिअरला विचारा. इंजिनाचं किंवा ब्रेकचं नियंत्रण सिम्युलिंकमध्ये ठोकळ्यांनी मांडलं जातं, त्यातून सी आपोआप तयार होतं. तरी टेबलावर व्हेक्टरचं कॅनो चालू असतं, बोर्डाला लाउटरबाखचा डीबगर लावलेला असतो, आणि कधी तरी तो तयार सीच्या ओळींत बोट ठेवून शोधत बसलेला असतो. छोट्या बोर्डांवर एसटीचं क्यूबएमएक्स पिना आणि क्लॉक चित्रात ठरवू देतं आणि सुरुवातीचा कोड लिहून देतं. त्या कोडमध्ये ‘यूजर कोड’ अशा खुणांच्या जोड्या असतात. त्या खुणांच्या आत लिहिलेलं राहतं. बाहेर लिहिलेलं पुढच्या वेळी ‘जनरेट’ दाबताच पुसलं जातं, न विचारता. माणसाचा कोड कुठे संपतो आणि चित्राचा कुठे सुरू होतो, याची हद्द इतकी स्पष्ट आखलेली दुसरीकडे क्वचितच सापडेल, आणि हद्दीबाहेर दोन तासांचं काम गमावल्याशिवाय ती फारशी कुणाच्या लक्षातही राहत नाही.

घरी जुना कॉलेज प्रोजेक्ट असलेला लॅपटॉप असेल तर एखादी हेक्स फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. प्रोग्रॅम फ्लोकोडमध्ये काढलेला असो की कीलमध्ये लिहिलेला, सगळ्यात खाली ती ओळ असेल: कोलन, सात शून्यं, एक, एफ एफ.